बाजूच्या दारावरचं छप्पर

माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, आणि शुद्धलेखन त्याहून वाईट, हे आधीच सांगून टाकते. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. ऱ्हस्व-दीर्घ मला आजही कळत नाही, वेलांटी हाताला येईल तशी देते. कोणी हे वाचलंच तर माझ्या चुका सोडून द्या आणि बाईंकडे बघा. बाई बघण्यासारख्या होत्या.

कोणाशी बोलायचं झालं की त्या आधी चष्मा डोक्यावर चढवायच्या. लोक नीट दिसावं म्हणून चष्मा लावतात, या समोरच्याला नीट पाहायला चष्मा काढायच्या. मग म्हणायच्या, "बरं, आता खरं सांग." समोरचा तोवर खरंच बोलत असला तरी गडबडायचा. मी पहिल्यांदा खोली बघायला गेले तेव्हा या एका वाक्यावर नको ते सगळं सांगून बसले. मुलगा वेअरहाउसमध्ये रात्रपाळी करतो, मी हॉटेलात पोळ्या लाटते, थंडीत माझे गुडघे धरतात. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हीटर मी जास्त ठेवत नाही. गुडघ्यांना तेल लाव."

कॅनडात विनिपेगमधल्या त्या आमच्या घरमालकीण. वर त्या एकट्या, खाली बेसमेंटमध्ये मी आणि मुलगा. मूळच्या नागपूरच्या. नवऱ्याबरोबर तरुणपणी इथे आल्या, नवरा गेला, मुलगा दूर ग्वेल्फ नावाच्या गावी स्थायिक झाला. घर मात्र त्यांनी सोडलं नाही. सगळे त्यांना काकू म्हणायचे, मीही म्हणत असे. नाव लिहीत नाही. त्यांना चाललं नसतं.

त्या प्रेमळ होत्या असं मी म्हणणार नाही. कपडे धुवायचं मशीन आम्हाला फक्त मंगळवारी मिळायचं. माझ्या कुकरच्या शिट्ट्या जास्त झाल्या की वरून जमिनीवर काठी आपटायच्या आणि जिन्यातून आवाज यायचा, "सुमन, डाळ शिजवून राहिली का विरघळवून?" तुम्हीही अशा बाया पाहिल्या असतील. त्यांचा राग येतो, आणि एक दिवस काठीचा आवाज आला नाही की जीव वर-खाली होतो.

आता घराचं सांगते, कारण सगळं भांडण घराच्या एका बाजूवरून झालं. समोरचं मोठं दार काकूंचं. आमचं दार बाजूला, घर आणि कुंपण यांच्या मधल्या चिंचोळ्या बोळात. छपराचा सगळ्यात लांब उतार बरोबर त्या दारावर येऊन संपतो. मी पहाटे कामाला निघते. हिवाळ्यात कानटोपी, त्यावर जाकिटाची टोपी, त्यावर मफलर. मागून कोणी हाक मारली तरी ऐकू येत नाही.

छप्पर फार जुनं झालं होतं. वरच्या शिंगल, म्हणजे इथली डांबरी कौलं, भाजलेल्या पापडासारखी कडेने वळली होती. बर्फ वितळायला लागला की काकूंच्या खोलीत थेंब पडायचा. नवं छप्पर घालायचंच होतं, आणि काकूंच्या मनात सोलर भरलं होतं. छपरावर ठोकतात ते पॅनल नकोत. "चांगल्या छपराला भोकं पाडून त्यावर दुसरं काहीतरी ठेवायचं, ही काय रीत झाली?" त्यांना हवं होतं ते सोलरचंच छप्पर. त्यात कौलंच काचेची असतात. तीच पाऊस अडवतात आणि तीच वीज करतात. महाग होतं. पण काकू म्हणायच्या, "आयुष्यभर दुसऱ्यांच्या चादरी धुतल्या. आता माझ्या घरानं थोडं कमावून दाखवावं." त्यांनी हॉस्पिटलच्या लाँड्रीत नोकरी केली होती.

छप्पर विकणारा माणूस इथल्या आपल्याच मराठी मंडळातला, पुण्याचा. बोलायला गोड. मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात माइक त्याच्याच हातात. त्याच्या कंपनीनं गुढीपाडव्याची खास सूट काढली होती. पाडव्याला दुपारच्या आत सही केली तर इतके टक्के कमी. कंपनी इथल्या गोऱ्या लोकांची. त्यांना पाडवा कुठून माहीत असणार? ते ज्ञान यानं दिलं. आपली आई ज्या दिवशी गुढीला साखरेच्या गाठी घालते, त्या दिवसाचं यानं दुकान मांडलं.

पाडव्याला तो आला तो झेंडूची फुलं आणि नारळ घेऊन. मी वर पुऱ्या लाटायला गेले होते म्हणून मला सगळं दिसलं. त्यानं काकूंना वाकून नमस्कार केला. टॅबवर चित्रं दाखवली. काळंभोर चकचकीत छप्पर, वर निळं आकाश, अंगणात हिरवं गवत.

"आणि बर्फात?" काकूंनी विचारलं.

"तीच तर गंमत आहे, काकू. काच गुळगुळीत असते. जरा ऊन पडलं की बर्फ आपोआप घसरून जातो. तुम्हाला काही करायला नको. छप्पर मोकळं, वीज सुरू."

काकूंना ते पटलं. मलाही पटलं. मुहूर्त टळेल म्हणून त्यांनी घड्याळ बघितलं, चष्मा डोक्यावरच राहिला आणि सही झाली. डिपॉझिटही गेलं. थोडंथोडकं नव्हतं, त्यांच्या शिलकीतला मोठा घास होता. कागद नंतर वाचू म्हणाल्या. आपल्याकडे मुहूर्ताच्या वेळी कोण कागद वाचत बसतं?

त्याच संध्याकाळी त्या वाटीत श्रीखंड घेऊन बाजूच्या दाराशी आल्या. हे नवलच होतं. त्या बाजूला त्या कधी येत नसत. मी दार उघडलं तर वाटी माझ्याकडे धरलेली आणि मान वर. छपराच्या कडेला बर्फाचा हातभर जाड थर लोंबत होता.

"सुमन," त्या म्हणाल्या, "तो सगळा घसरून जातो म्हणाला ना?"

"हो."

"जाईल कुठे?"

मी वर बघितलं, मग खाली स्वतःच्या चपलांकडे बघितलं. श्रीखंडाची वाटी घ्यायचंही मला सुचलं नाही.

दोनच दिवसांनी त्या मला घेऊन बसने निघाल्या. याच कंपनीचं छप्पर घातलेल्या एका घराचा पत्ता त्या विक्रेत्यानंच दिला होता, आमची कामं बघा म्हणून. तिथे एक गोरा म्हातारा राहत होता, पांढऱ्या मिशांचा, स्वभावाने मोकळा. काकू त्याच्याशी इंग्रजीत बोलत होत्या आणि मधूनमधून मला मराठीत सांगत होत्या. उन्हाळ्यात वीज भरपूर होते, गळती नाही, छप्पर उत्तम आहे, म्हणाला. फक्त त्याच्याखाली उभं राहायचं नाही. त्यानं हसत हसत घराच्या बाजूला बांधलेली केशरी दोरी दाखवली. लोखंडी कठडा वाकून जमिनीला टेकला होता.

आम्ही बोलत असतानाच ते झालं. आधी वरून खसखस आवाज आला, जसा गोणपाट ओढल्यावर येतो. मग छपराच्या त्या अख्ख्या बाजूचा बर्फ एकदम सुटला आणि धप्पकन दोरीपलीकडे पडला. पायाखालची जमीन हादरली. म्हाताऱ्याचं दार दुसऱ्या बाजूला होतं म्हणून तो हसत होता. काकूंनी माझा दंड धरला होता. बसमध्ये बसेपर्यंत त्यांनी तो सोडला नाही.

विक्रेत्याला त्यांनी दुसऱ्याच दिवशी बोलावलं. मी चहा ठेवायला वर होते.

"त्या बाजूला बर्फ अडवायच्या खुंट्या लाव," काकू म्हणाल्या. "मी चौकशी केली. अशा खुंट्या मिळतात."

"मिळतात, पण आपल्या डिझाइनमध्ये बसत नाहीत, काकू. वर बर्फ अडकून राहणार, म्हणजे वीज कमी. शोभाही जाते. आणि खर्च वाढतो तो वेगळाच."

"वाढू दे."

तो जरा पुढे सरकला. आवाज हलका केला, पण मी तिथेच उभी होते, बशी हातात घेऊन. "काकू, त्या बाजूनं जातं कोण? भाडेकरूच ना? तुमचं दार तर समोर आहे." मग मी दिसले म्हणून माझ्याकडे बघून हसला. "मावशींना सांगू, मार्च महिन्यात जरा पळत जा म्हणावं."

माझी पन्नाशी उलटली आहे. गुडघ्यांचं मी आधीच लिहिलं. मला चारचौघांत बोलता येत नाही. पण त्या क्षणी माझ्या मनात जे आलं ते मी या वहीतसुद्धा लिहू शकत नाही.

काकूंनी चष्मा डोक्यावर चढवला.

"काय बोलून राहिलास तू? आधी तू पळून दाखव. मी छपरावरून फावडंभर बर्फ टाकते."

तो हसण्यावारी न्यायला लागला. काकू म्हणाल्या, मग मला हे छप्परच नको, पैसे परत कर. तेव्हा त्यानं जे केलं त्याचा मला सगळ्यात जास्त संताप आहे. त्यानं कपाळाला हात लावला आणि म्हणाला, "पाडव्याला घेतलेलं कोणी मोडतं का, काकू? तुम्हीच आम्हाला शिकवायचं. थोडं थांबा, मी खुंट्यांसकट नवीन डिझाइन काढून आणतो."

काकू थांबल्या. अख्ख्या जगाला खरं सांग म्हणणारी बाई त्या एका वाक्याला फसली. पाडव्याचं काम मोडायला त्यांचंही मन धजत नव्हतं, हे त्यानं बरोबर ओळखलं होतं. त्या कागदात लिहिलं होतं की सही केल्यावर अमुक दिवसांत नाही म्हटलं तर डिपॉझिट परत. ते दिवस निघून जाईपर्यंत त्याचं डिझाइन काही आलं नाही. दिवस सरल्यावर मात्र कंपनीचं उत्तर लगेच आलं. मुदत संपली आहे, काम ठरल्याप्रमाणे होईल, नको असेल तर डिपॉझिट मिळणार नाही.

ग्वेल्फच्या मुलाचा फोन स्पीकरवर असायचा, कारण काकूंना कानाशी धरलेला आवडत नसे. तो म्हणाला, "मॉम, जस्ट लेट देम डू इट. टेनंट्सना सांग ना, वॉच युवर स्टेप."

"वरून पडणाऱ्याला स्टेप बघून काय करायचं?" काकू म्हणाल्या. "तू इथे राहायचास तेव्हा त्याच दारानं शाळेत जायचास."

मुलगा म्हणाला, "आय हॅव अ मीटिंग."

उन्हाळ्यात कंपनीची गाडी दारात येऊन उभी राहिली. शिड्या उतरल्या. काकू बागेतली खुर्ची घेऊन बरोबर शिडी लावायच्या जागी जाऊन बसल्या आणि मांडीवर मटारच्या शेंगा घेतल्या. कामाला आलेली माणसं बिचारी चांगली होती. थोडा वेळ त्यांनी वाट पाहिली, मग त्यांच्यातला एकजण शेजारी बसून शेंगा सोलायला लागला. काकूंनी सगळ्यांना चहा दिला. जाताना तो सोलणारा म्हणाला, माझी आजीसुद्धा अशीच होती. काकूंनी मला विचारलं, "होती म्हणजे? मी काय मेली का?"

गाडी परत आली नाही, पण पैसेही आले नाहीत. आणि आता मंडळाविषयी लिहिते. एवढ्यासाठीच तर मी लिहायला बसले आहे.

मंडळात सगळे शिकलेले. कोणी बँकेत, कोणी सरकारी खात्यात, कोणी सॉफ्टवेअरमध्ये. सगळ्यांना हा प्रकार माहीत झाला होता. एकानंही त्या विक्रेत्याला विचारलं नाही की बाबा, तू हे काय केलंस. कारण गणपतीच्या मंडपामागचा भला मोठा फलक त्याच्या कंपनीनं दिला होता. जेवणाचा खर्चही तेच करणार होते. मंडळाचे अध्यक्ष घरी आले. सोफ्याच्या कडेवर बसले, जसं लवकर उठायचं असलेलं माणूस बसतं.

"काकू, अर्धे घ्या आणि मिटवून टाका. मी बोलतो त्याच्याशी. आपलाच मुलगा आहे."

"अर्धे?" काकू म्हणाल्या. "म्हणजे बर्फ काय हिच्या अर्ध्या डोक्यावर पडणार?"

अध्यक्षांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू माझं डोकं तिथे असणं हीच मुळात अडचण होती. चहा न पिता गेले. आपलाच मुलगा, म्हणे. तो त्यांचा आपला. काकूही आपल्या, मोदकांना उकड काढायची असली की. आणि मी? मी त्यांच्या हॉलमध्ये दर वर्षी दोनशे पोळ्या लाटते, तेव्हा मला सगळे मावशी म्हणतात.

गणपतीच्या दिवशी आरती झाली. प्रसाद वाटायच्या आधी प्रायोजकांचे आभार होते. विक्रेता माइक घेऊन पुढे आला. मागे पडद्यावर तेच चित्र, काळं छप्पर आणि हिरवं गवत. तीच गोष्ट त्यानं सुरू केली, काच गुळगुळीत, बर्फ आपोआप जातो. शेवटी म्हणाला, कोणाला काही विचारायचं असेल तर विचारा.

काकू तिसऱ्या रांगेतून उठल्या. चष्मा आधीच वर होता.

"बर्फ जाईल कुठे?"

तो हसला. "खाली जाणार ना, काकू. वर थोडाच जाणार?"

लोक हसले. सगळा हॉल हसला. मी प्रसादाच्या टेबलामागे होते, मी पाहत होते कोण कोण हसलं ते.

काकू हसू थांबेपर्यंत उभ्या राहिल्या. "खाली कोण आहे?" त्या म्हणाल्या. "ती बघ, ती आहे खाली. मोदक वाढणारी. तिचं दार त्या छपराखाली आहे. तू मला म्हणालास, भाडेकरूच जातात, पळत जा म्हणावं. आता माइकवर सांग हे. गणपतीसमोर सांग."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. माझ्या हातात झारा होता. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. पण मी जागची हलले नाही, एवढं लिहून ठेवते.

त्यानंतर पहिली बोलली ती एक तरुण बाई. तिच्या कडेवर बाळ होतं. ती उठून हळूच म्हणाली, "आम्ही पण पाडव्यालाच सही केली. आमच्या गॅरेजचं दार त्या बाजूला आहे. मी बाळाला तिथूनच गाडीत ठेवते." मागून एक आजोबा म्हणाले, आमच्या तर जिन्यावरच येतं. मग आणखी एक जोडपं उठलं. पाडव्याच्या सवलतीत सह्या केलेली पाच-सहा घरं तरी होती, आणि आपापल्या घरी बसून प्रत्येकजण समजत होता की प्रश्न फक्त आपल्यालाच पडला आहे. आता ते चष्मे काढून, लावून एकमेकांकडे बघायला लागले. विक्रेत्यानं माइक बंद केला. अध्यक्षांनी घाईनं प्रसाद सुरू करायला सांगितलं.

कंपनी कशानं वळली, तर यानं. एका म्हातारीला ते मोजत नव्हते. इतकी घरं एकदम हातची जाताहेत म्हटल्यावर मात्र सगळ्यांना खुंट्या मिळाल्या, डिझाइनमध्ये चांगल्या बसल्या आणि शोभाही गेली नाही. काकूंना म्हणाले, तुम्हालाही लावून देतो. काकूंनी सांगितलं, छप्पर मी सोलरचंच घालीन, पण तुमच्या हातचं नाही. पैसे टाका. मग कंपनी थोडे थोडे करून पैसे द्यायला लागली, जसं काही उपकारच करते आहे.

एवढं सगळ्यांचं भलं झालं, तर लोकांनी काकूंना डोक्यावर घ्यावं की नाही? दिवाळीला मंडळाचं बोलावणं आलं नाही. समारंभ बिघडवला म्हणे. ती बाळवाली तेवढी चकली घेऊन आली, तीही आमच्या बाजूच्या दारानं, कोणाला दिसू नये म्हणून. काकूंनी चकली खाल्ली आणि म्हणाल्या, "मोहन कमी झालं." पण दुसरी घेतली.

हिवाळा सुरू झाल्यावर एक दिवस वरून काठीचा आवाज आला नाही. कुकरच्या मी मुद्दाम दोन शिट्ट्या जास्त होऊ दिल्या, तरी नाही. वर गेले तर त्या स्वयंपाकघरात ओट्याला पाठ लावून खाली बसल्या होत्या. उजवा हात उचलत नव्हता. मला बघून म्हणाल्या, "इतक्या शिट्ट्या कशाला?" शब्द जड येत होते.

मुलगा ग्वेल्फहून आला आणि हॉस्पिटलमधून परस्पर त्यांना घेऊन गेला. आता त्या तिथे एका केअर होममध्ये असतात. कधी येतील, येतील का, हे मला कोणी सांगत नाही. वरच्या घराची किल्ली माझ्याकडे आहे. मी तुळशीच्या कुंडीला पाणी घालते, त्यांच्या खोलीत थेंबाखाली ठेवलेलं पातेलं रिकामं करते. मशीन आता मला रोज मोकळं असतं. मी कपडे मंगळवारीच धुते.

शेवटचा हप्ता राहिला होता. काकूंनी आजारी पडायच्या आधीच कंपनीला कळवून ठेवलं होतं की शेवटचा चेक पोस्टानं नको, ज्यानं सही घेतली त्यानंच घरी आणून द्यावा. मला वाटलं, आता कशाला येतोय तो. पण भर फेब्रुवारीत एका दुपारी दार वाजलं. समोरचं दार बंद असल्यामुळे तो बाजूच्या बोळातून आला होता. गुडघाभर बर्फात पाकीट हातात धरून उभा, आणि नजर वर, छपराच्या कडेवर. मी दार उघडलं तसा तो झपकन आत आला.

"काकू कशा आहेत, मावशी?" त्यानं विचारलं.

मी हात पुढे केला. पाकीट घेतलं, उघडलं. अक्षरं मला जड जातात, आकडे नाही. आधी आलेल्या हप्त्यांचे आकडे मला पाठ होते. मनात बेरीज करून होईपर्यंत मी त्याला पायपुसण्यावर उभा ठेवला. मग म्हटलं, बरोबर आहे. जा.

तो गेल्यावर ग्वेल्फला फोन लावला. मुलानं तो काकूंच्या तोंडाजवळ धरला.

"खरं सांग," त्या म्हणाल्या. दोनच शब्द, पण नीट.

"आले, काकू," मी म्हटलं. "सगळे आले. पूर्ण फिटले."